नाव पाहून लिहिलं तर काय बिघडलं?

मंडळी, आज नवा रायपूरले इंटरव्ह्यू देऊन आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून राहिली.

एक मोठं गणित चार कॉम्प्युटरांवर वाटून सोडवायचं होतं. एकाकडून दुसऱ्याकडे आकडा पाठवताना तो कोणत्या प्रकारचा आहे, त्याचं ठरलेलं नाव प्रोग्राममध्ये द्यावं लागते. ते नाव पाहायले मी मॅन्युअल उघडलं.

समोरचे सर हसले. आपल्यातलेच, मराठी, पण बोलतात हिंदीत. "दस साल का एक्सपीरियन्स, और नाम भी याद नहीं?"

"सर, अशी कितीतरी नावं आहेत. मी पाहूनच लिहिते."

"रहने दीजिए, मैं लिखता हूँ."

त्यांनी आठवणीतून साध्या, म्हणजे लहान पूर्णांकाचं नाव टाकलं. प्रोग्राम चालला, एरर एकही नाही. लहान आकडे बरोबर पोचले. मोठे मात्र अर्धे कापले जाऊन भलतेच निघाले.

मी मॅन्युअलमधून मोठ्या पूर्णांकाचं नाव शोधलं, पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही ओळींत बदललं. सगळे आकडे जसेच्या तसे आले.

"फिर भी, याद तो होना चाहिए," सर म्हणाले.

"नाही सर. इथं नोकरीले लागली तरी मी पाहूनच लिहीन."

घरी आई म्हणते, "काहून उलटून बोलली? नोकरी गेली समज."

जाऊ दे. मले पस्तावा नाही.

तुमच्याकडे पाहून लिहिणाऱ्यावर हसतात काय? मग तुम्ही काय करता, मॅन्युअल लपवता की टेबलावर उघडं ठेवता?