कचरूमिस्त्रींचा खांब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की स्वतःचाच असा संताप येतो की विषय बदलून टाकतो – आज नाही बदलणार. ऐका.

आमचं घर जुनं, गर्डर-फरशीचं. खाली दादा-वहिनी, वर आम्ही. मला भिंतभर फिश टँक हवा होता. करमाडचे कचरूमिस्त्री आले, फरशी ठोकून पाहिली आणि म्हणाले, "सायेब, पाण्यासगट ह्यो भार हिला झेपायचा नाय. खालून गर्डर टाकू, त्याला इटांचा खांब देऊ." दादाच्या बैठकीत खांब उभा राहिला. माझ्या हौसेपायी वहिनींनी मुकाट्यानं दिवाण सरकवला.

जाताना मिस्त्रींनी खांबाला गोणपाट गुंडाळलं. "धा दिस दोन टाइम पाणी मारा. गोणपाट वलंच ऱ्हायला पायजे, नायतर माल कच्चा ऱ्हाईल. ऊन लई हाय."

आता या शहरात पाण्याचं तुम्हाला काय सांगायचं? नळ आठवड्यातून एकदा. गच्चीवर दोन ड्रम भरलेले – ते काय विटांवर ओतायचे? दोन दिवस ओतले आणि थांबलो. उरलेलं पाणी टँकसाठी राखलं. मासे सांगून ठेवले होते ना! मिस्त्रींचा फोन यायचा, पाणी चालू हाय ना? – हो हो, रोज. किती सहज निघायचं तोंडातून!

अकराव्या दिवशी टँक भरला. महिन्याभरात विटांमधला माल भुगा होऊन गळायला लागला. मी पाहिलं होतं. गप्प बसलो. एका दुपारी गर्डर खचला, फरशी तडकली आणि टँक फुटून काचा, पाणी, दगड सगळं खाली दिवाणावर. वहिनी नुकत्याच चहा टाकायला उठल्या होत्या. नसत्या उठल्या तर?

दादानं मिस्त्रींना बोलावलं. गल्ली जमली. आणि पहिला ओरडलो तो मी – "सिमेंट खाल्लं यानं!" वडिलांच्या वयाच्या माणसाला, एकेरीत. मिस्त्रींनी खांबाचा माल बोटांत चुरला. माझ्याकडे बघून एकदाच विचारलं, "पाणी मारलं व्हतं का, सायेब?"

"रोज. दोन्ही वेळा."

त्यांना कळलं होतं. कुठल्या गवंड्याला कळणार नाही? तरी ते भांडले नाहीत. थापी पिशवीत टाकून निघून गेले. शेजारचा जिना त्यांच्याकडे ठरला होता, तो दुसऱ्यानं बांधला. आमच्या गल्लीत पुढं कित्येक वर्षं त्यांना कुणी बोलावलं नाही.

नळाला शिव्या घालून पाहिल्या. पण नळानं का मला खोटं बोलायला लावलं होतं?

आणि एवढ्यावर संपलं असतं तरी – नाही, संपलं नाही. परवा समोरच्या घरी कंपाउंडच्या भिंतीचं काम निघालं. काम मागायला फाटकाशी कचरूमिस्त्री उभे, पार थकलेले. मी वर गॅलरीत होतो. समोरच्या पोरानं रस्त्यातूनच मला विचारलं, "काका, यांचं काम कसं आहे?" मिस्त्रीही वर बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. इतकी वर्षं गिळलेलं एकच वाक्य.

मी म्हणालो, "सिमेंटवर लक्ष ठेवा."

मिस्त्रींनी पिशवी उचलली. आता आमच्याकडे जुनी फरशी काढून स्लॅब टाकलाय, त्यावर नवा टँक आहे. मी आत आलो आणि माशांना खायला घातलं.