लेकीच्या जावेची आई

"आधी नातं सांगा, मग पाट मांडतो!" नवरीचा चुलता दारात हात आडवा घालून उभा.

माझ्या लेकाचं लग्न, लिंबागणेशात. विहिणींची पंगत बसायची होती अन् माझ्यासोबतच्या कोंडाबाईला हा गडी आत सोडीना! कोंडाबाई म्हणजे माझ्या लेकीच्या जावेची आई.

"इहीणच हाय," मी म्हणलं.

"ती तुमच्या इहिणीची इहीण. तुमची कोण?"

नात्याला नाव नाही म्हणून बाईचा पाणउतारा झाल्याचे असले किस्से माझ्याकडं कणगीभर साठलेत.

पुरुषांना हे कधी विचारतात का? मेहुण्याच्या साडूचा व्याही आला, तरी 'पाव्हणे, या!' घोंगडी अंथरली, चिलीम भरली, झालं! आमच्या भावकीत असाच एक लांबचा पाव्हणा केजच्या कचेरीत पेशकार झाला. लगेच सगळ्या गावाचा 'मामा'! बदली झाली तशी लोकं म्हणायला लागली, "कोन मामा?"

माझी चुलतबहीण सुभद्रा आत्याच्याच धाकट्या दिराला दिली. आत्या झाली जाऊ! पाय दाबून घ्यायला ती आत्या. जात्यावर बसायची पाळी आली की म्हणे, "आता आपुन जावा-जावा. तू धाकटी, तूच बस!" एके दिवशी सुभद्रानं एकच पाय दाबला अन् उठली.

"अगं, दुसरा?"

"ह्यो आत्याचा झाला. त्यो जावेचा हाय, तिचा तिनं दाबावा!"

तर कोंडाबाई. माझी लेक सासरी बाळंत झाली तेव्हा मांजरेला पूर. लेक पलीकडं, मी अलीकडं. तिची सासू तापानं अंथरुणाला खिळलेली. कोंडाबाई आपल्या लेकीला भेटायला म्हणून तिथं आलेली. तिनं सव्वा महिना माझ्या लेकीला न्हाऊ घातलं, शेकलं, तान्ह्याला मांडीवर वाढवलं. तेव्हा तिला कुणी नातं विचारलं होतं?

हे सगळं चुलत्याला ऐकवलं. तर म्हणतो, "उपकार येगळे, मान येगळा. त्यांचं पान भाईर मांडलंय."

कोंडाबाईनं माझा पदर ओढला. "जाऊ द्या बाई. शुभकार्यात माझ्यापायी तंटा नको." अन् खाली मान घालून अंगणात, शेवटच्या पानावर जाऊन बसलीसुद्धा!

आत पायघड्या घातलेल्या. माझे पाय धुवायला नवरीची आई परात घेऊन उभी. मी उलटी फिरले, अंगणात कोंडाबाईच्या शेजारी मांडी घातली अन् चुलत्याला हाक मारली,

"दादा, परात हितं आना; नवरदेवाची आई जितं बसती, तितंच इहिणींची पंगत!"