रिव्हर्स आणि दादांची खुर्ची

रविवार, सकाळचे सात, बराकपूरचं मैदान. हजर: मी आणि मला गाडी शिकवणारे दादा. परवा माझी लायसन्सची परीक्षा आहे. दोनदा नापास झाले आहे, दोन्ही वेळा पार्किंगमध्येच.

दादा स्टिअरिंगला हात लावत नाहीत, कारण हातात कायम चहा असतो. आज रिव्हर्स घेताना मी पार्किंगसाठी चुन्याने आखलेल्या चौकटीच्या कोपऱ्यांवरचे चारही बांबू पाडले. त्यांनी शांतपणे मागच्या बांबूंच्या जागी खुर्ची मांडली आणि गाडीकडे पाठ करून बसले.

"दादा, उठा!"

"बांबूची तुम्हाला दया येत नाही, दीदी. माझी येते का बघू."

मी घाम पुसत इंचाइंचाने मागे आले आणि थांबले.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "धूर लांबून येतोय. गाडीचं नाक रेषेबाहेर असणार. अजून हातभर या."

माझा पाय ब्रेकवरून उठत नाहीये; तेवढं हातभर अंतर अजून बाकी आहे.