माडांकडे तोंड करून

ओमानमधल्या सलालाहमध्ये आमच्या इमारतीचे वॉचमन साताऱ्याकडचे होते. साठीला टेकलेले, माजी सैनिक. गेटसमोर माडांची बाग होती आणि तिच्याकडे पाठ करून बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नाही. ऊन थेट तोंडावर आलं तरी ते खुर्ची वळवायचे नाहीत. आम्ही त्यावरून हसायचो.

प्रजासत्ताक दिनाला मीच त्यांना मराठी मंडळात नेलं. म्हटलं, "मुलांना शौर्याचं काहीतरी सांगा, पाच मिनिटं." कडक इस्त्रीच्या शर्टावर पदक लावून ते आले. माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "मी श्रीलंकेत लढलो. शांतिसेना म्हणायचे आम्हाला."

माझ्या मुलीने अडखळत विचारलं, "काका, मग तुम्ही शांती आणला?"

तिच्या मराठीला सगळे हसले. ते मात्र विचारात पडले.

"नाही बाळा. तिथल्या माडांच्या बागेत माझे तीन सोबती गेले. आमच्या गोळ्यांनी गावातली साधी माणसंही मेली. कशापायी, ते मला अजून कुणी सांगितलं नाही."

मी घाईघाईने त्यांच्या हातातला माईक काढून घेतला आणि ओरडलो, "जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मला पाहताच ते खुर्चीतून उठले. "साहेब, माझ्यापायी काल कार्यक्रम बिघडला. माफ करा."

माफी मी मागायची होती. माझ्या तोंडून निघालं, "चालायचंच."