आबांचा पाळणा

दुपारी दोनचा सुमार. सावंतवाडीच्या घरात शालिनी चित्र काढते आहे आणि डोळे मिटू लागले आहेत. पुण्याला लेकीला, मृण्मयीला, आठवा महिना. पोटातलं बाळ सकाळपासून हललं नाही म्हणून ती डॉक्टरकडे गेली आहे. फोन येईपर्यंत जीव टांगणीला. हाताला काही चाळा हवा, म्हणून शालिनीने लेकीसाठी काढलेलं जलरंगाचं चित्र पुरं करायला घेतलंय. चित्रात आहे शालिनीच्या वडिलांनी, आबांनी, लाखेने रंगवलेला लाकडी पाळणा. पाळणा वाळवीने खाल्ला, आबांना जाऊन अकरा वर्षं झाली. पाळण्यावरच्या शेवटच्या पोपटाची चोच रंगवून ती कुंचला धुते आणि टेबलावर डोकं टेकते.

"तांबडो बरो गावलो तुका," शेजारून आबा म्हणतात.

जन्मात कधी शाबासकी दिली नव्हती या माणसाने! शालिनीला भरूनच येतं. लाख घोटायला ते केवड्याचं पान वापरायचे, तोच वास. पटाशीने चिरल्याचा वण असलेला अंगठा ते चित्रावरून फिरवतात. "लाखेची चकाकी पाण्याच्या रंगात येणा नाय. तू कागद कोरो सोडलंस नि आणलंस. हुशार आसस."

मग आवाज उतरतो. "पण रिकामो कित्याक ठेवलंस गो?"

कर्रर्र. कागदावरचा पाळणा हलतो आहे. रिकामा पाळणा हलू देऊ नये, हे चिताऱ्याच्या लेकीला कुणी सांगायला हवं होतं का? बारशालासुद्धा बाळाआधी वरवंटा निजवतात.

"ह्यो हालता, म्हणान तां पोर हालणा नाय. वरवंटो हाड."

वरवंटा आणायला ती स्वयंपाकघरात धावते. तिथे आबांचा कारखाना आहे, भुसा घोट्यापर्यंत. पुढे हॉस्पिटलचा लांब व्हरांडा. बाकांवर बायका ओळीने बसून रिकाम्या मांड्या हलवताहेत. वरवंटा कुठेच नाही. मिक्सर आल्यावर तिनेच मोठ्या रुबाबात तो मोडीत काढला होता.

"आबा, नाय गावत हो!"

"सर बाजूक." आबा अंगठा रंगात बुडवतात.

फोन वाजतो. शालिनी दचकून उठते.

"आई, लाथ मारली गं त्याने! आत्ता, डॉक्टरांच्या हातावरच!"

शालिनी हुंदके देत हसते. बोलता बोलता नजर चित्रावर जाते. पाळण्यात करड्या रंगाचा, वरवंट्यासारखा आडवा ठसा आहे, अजून ओला. ती आपले दोन्ही अंगठे उजेडात धरून बघते. स्वच्छ आहेत. ठशाच्या मधोमध पटाशीच्या वणाची रेघ आहे.