मावशीची डबल बेल

गल्लीत बातमी अशी होती की त्या पोरींच्या घरात एक म्हातारी राहते आणि दार लावून आख्ख्या बस डेपोच्या गणवेशांना इस्त्री करून देते. वीज पोरींची, धंदा हिचा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने तर इस्त्रीची वाफ खिडकीतून बाहेर येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्याचा चष्मा तेव्हा दुरुस्तीला होता, पण ते असो.

खरं असं होतं, की एक तर ती म्हातारी नव्हती. म्हातारी म्हटलेलं ऐकलं असतं तर तिने झेरॉक्सवाल्याला पुढच्या स्टॉपवर उतरवलं असतं. दुसरं म्हणजे तिच्या खोलीत इस्त्रीच नव्हती. कपडे घडी करून गादीखाली सारायचे आणि वर आपण झोपायचं, ही तिची इस्त्री. "मीच इस्त्री. वजनदार आहे, आणि वीज खात नाही," ती म्हणायची. वाफ होती ती चहाची. कप खिडकीत ठेवून मावशी नकाशे वाचत बसायची.

तिला सगळे मावशीच म्हणत. उभी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली, निवृत्त झाली, आणि निरोपाच्या समारंभातला हार सुकायच्या आत कॉलेजात नाव घालून मोकळी झाली. विषय भूगोल. "जन्मभर एकाच रस्त्याने गेले, एकाच रस्त्याने आले. म्हटलं बाई, बाकीची पृथ्वी कुठे ठेवलीये ते तरी बघावं." कॉलेज तिच्या घरापासून लांब, म्हणून चार विद्यार्थिनींनी भाड्याने घेतलेल्या घरात जिन्याजवळची खोली तिने धरली. नवरा घरीच. तो त्याच बसचा ड्रायव्हर होता. मावशीने घंटी दिल्याशिवाय आयुष्यात जागचा हलला नाही, असं ती अभिमानाने सांगायची. फोनवर तो रोज विचारायचा, "काय, येतेस का परत? सीट धरून ठेवलीये." आणि मावशी म्हणायची, "अहो, शेवटच्या परीक्षेचं तिकीट काढलंय मी. मधे उतरायची नाही."

मावशीच्या मनात काय चाललंय हे ओळखायला कुणाला कष्ट पडत नसत, कारण ती आधी बोलायची आणि मग विचार करायची. तेही अशा आवाजात, की मागच्या सीटवर बसलेल्या बहिऱ्यालाही सुट्टे पैसे काढावेसे वाटतील.

महिन्याभरात तिने आख्खं घर बसच्या शिस्तीला लावलं. तिच्या गाडीत छताला दोरी असायची, तिच्या टोकाला ड्रायव्हरजवळ घंटी. एकदा ओढली की गाडी थांबवा. दोनदा ओढली, म्हणजे डबल बेल, की चला. तीनदा ओढली की गाडी गच्च भरलीये, आता मधे कुठे थांबू नका. घरात दोरी नव्हती, म्हणून ताट आणि चमचा. एक टण् म्हणजे गप्प बसा, अभ्यास चाललाय. टण् टण् म्हणजे जेवायला या. टण् टण् टण् म्हणजे स्वयंपाकघर भरलंय, आता कुणी आत घुसू नका. बाहेरून येणाऱ्या माणसाला हे घर आहे की देऊळ असा प्रश्न पडायचा.

सकाळी बाथरूमची रांगही तीच लावायची. "चला, पुढे सरका, पुढे सरका! आत मोकळं आहे आणि दारात गर्दी!" आंघोळीला स्वतः मात्र सगळ्यांत शेवटी. कंडक्टर सगळ्यांत शेवटी उतरतो, हा तिचा धर्म.

घरातली पहिल्या वर्षातली मुलगी मैना. तिचं हे नाव पडलं कारण एकदा ऐकलेला आवाज ती तसाच्या तसा काढायची. कुकर, कुत्रा, प्राचार्य, काही सोडायची नाही. मावशी तर तिचा हातखंडा. मावशी खोलीत आणि मावशीचा आवाज जिन्यात, असं झालं की नर्सिंग शिकणारी मुलगी, जिला सगळ्या सिस्टरबाई म्हणत, दचकून चपला उलट्या घालायची. मावशीला याचा राग नव्हता. उलट म्हणायची, "बरंय. घसा बसला की हिला ड्युटीवर पाठवते."

अशा सुखात पहिलं बिल आलं. मग दुसरं, पहिल्याच्या खांद्यावर उभं राहिलेलं.

वीज भाड्यातच धरलेली होती, पण नेहमीपेक्षा जास्त आली तर जादाचं पोरींनी भरायचं, असा करार. घरमालकीणबाई बिल घेऊन स्वतः आल्या. त्यांच्या बोलण्याची सुरुवात ठरलेली असायची, "मी काही म्हणत नाही, पण." त्यानंतर त्या बराच वेळ म्हणायच्या.

"मी काही म्हणत नाही, पण मावशी आल्यापासून हे चढलंय. आता मी काय गल्लीचं ऐकते का? नाही ऐकत. पण गल्ली बोलते. पुढचं बिल खाली उतरलं नाही, तर मावशींनी खोली सोडलेली बरी. विद्यार्थिनींचं घर आहे हे."

"मग मी कोण आहे?" मावशी म्हणाली. "मी काय खिडकीवरचं कबूतर आहे?"

"तसं नाही हो. पण इस्त्री..."

मावशीने मालकीणबाईंचा हात धरून त्यांना खोलीत नेलं आणि गादी उचलून दाखवली. खाली तीन पोशाख आणि एक जगाचा नकाशा, सगळं कसं चोपून बसलेलं. मालकीणबाईंना हसू आलं. पण बिल काही हसलं नाही, आणि त्यांचा शब्दही तसाच राहिला. पुढचं बिल यायचं होतं परीक्षेच्या आधी. ते चढलेलंच आलं, तर मावशीचा भूगोल शेवटच्या मुक्कामाच्या अलीकडे संपणार होता.

त्या संध्याकाळी मावशीने चमचा हातातच घेतला नाही. ताट गप्प. सगळ्या आपोआप जेवायला आल्या आणि खाली मान घालून जेवल्या. मावशी फक्त एवढंच म्हणाली, "त्यांना फोनवर काही सांगू नका गं. लगेच गाडी काढतील."

दुसऱ्या दिवसापासून घरात काटकसरीचं राज्य आलं. हिशेब शिकणारी मुलगी, जिला सगळ्या खजिनदार म्हणत, ती दिव्यांच्या मागे पोलिसासारखी फिरू लागली. कुणी खोलीतून उठलं की हिने दिवा मालवलाच. चौथी मुलगी झोपाळू, जी बहुतेक वेळ झोपूनच असायची, तिच्या डोक्यावरचा दिवा तर तिच्यासकट मालवायची तयारी होती. एवढं करून जिन्याखालचा मीटर आपला लाल डोळा मिचकावत पळतच होता. फ्रिज जुना होता, त्यावर संशय घेऊन झाला. झोपाळूच्या मोबाईलवर घेऊन झाला. सिस्टरबाईंनी दबक्या आवाजात शेजाऱ्यांवरही घेतला. फक्त गिझरवर कुणी संशय घेतला नाही, कारण गिझर हे त्या घराचं दैवत होतं. केव्हाही जा, पाणी गरम. सकाळी तापवलेलं संध्याकाळीही तसंच! "जुनं ते सोनं. आताच्या वस्तूंत हा दम नाही," असं मावशी म्हणायची, आणि सगळ्या माना डोलवायच्या.

मग आला तो रविवार. जेवणं झालेली, भांडी कुणी घासायची यावर तोंडातोंडी चाललेली. पोरींनी मैनेला म्हटलं, तू नक्कल करून दाखव, तुझी पाळी माफ. मैना उठली. "सादर आहे, मावशीची आंघोळ!"

"अगं अगं, मेले!" मावशी ओरडली, पण खुर्ची सरसावून बसली.

मैनेने आधी पाणी आणलं, तोंडानेच. मग मावशीचं आंघोळीतलं गाणं, जे दर ओळीला सूर आणि स्टॉप बदलायचं. मग पाणी बंद. खाकरणं. ओल्या चपला, फट्याक फट्याक. मग टक्-टक्. मग कडी, खर्रर्र. आणि बाहेर येऊन, "झालं बाई, आता डेपोत!"

हसून हसून सिस्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खजिनदार मात्र हसली नाही.

"ते मधलं परत कर."

"गाणं?"

"नाही गं. चपलांनंतरचं."

"टक्-टक्."

"दोनदा का?"

"मला काय माहीत? मी ऐकते तेच करते. मावशी यायच्या आधी तू करायचीस, तेव्हा एकदा टक्. ही करते तेव्हा टक्-टक्."

खजिनदार उभी राहिली. गिझरचं बटण बाथरूमच्या छताला होतं आणि त्याला दोरी लोंबत होती. ओल्या हाताने बटणाला शिवायला नको म्हणून ती सोय. ओढली की चालू, परत ओढली की बंद. गिझरवरचा लाल दिवा कधीच गेलेला, त्यामुळे चालू की बंद हे बघून कळायचं नाही. घर भाड्याने घेतल्यापासूनचा नियम होता: शेवटी आंघोळ करणारीने दोरी ओढून गिझर बंद करायचा. शेवटी कोण? मावशी.

"मावशी, आत जा आणि रोज करता तसं करा. विचार करू नका."

"तो तर मी करतच नाही," म्हणत मावशी गेली. मैना मीटरसमोर बसली. मावशीचा हात वर गेला, दोरी सापडली, आणि हात आपल्या आठवणीप्रमाणे चालला.

"थांबला!" खालून मैना ओरडली. "मीटर थांबल्यासारखा झाला! अगं नाही नाही, परत सुटला! पळतोय!"

मावशीने आपल्या हाताकडे पाहिलं. जणू तो दुसऱ्या कुणाचा प्रवासी होता आणि विनातिकीट सापडला होता.

"डबल बेल," ती हळूच म्हणाली. "काम झालं की डबल बेल. उतरले सगळे, चला." रोज सकाळी ती गिझर इमानाने बंद करत होती आणि त्याच झटक्यात गाडी पुढे सोडत होती. तो दिवसभर पळत होता, रिकामाच.

"मीच की गं ती," मावशी म्हणाली आणि पायरीवर बसली. "मालकीणबाईंचं खरं होतं. इस्त्री नाही, पण मीच." तिने खोलीकडे पाहिलं. "गादीखालचं सामान काढते."

तेवढ्यात सिस्टरबाईंना कंठ फुटला. पहाटे सगळ्यांत आधी आंघोळ त्यांची. "मावशी, मला रोज आयतं गरम पाणी मिळायचं. मला वाटायचं, खजिनदार उठून लावून ठेवते."

"मी?" खजिनदार म्हणाली. "मला वाटायचं तू लावतेस!"

"मग विचारलं का नाहीस कधी?"

"विचारलं असतं तर पाळी लावली असती ना!"

झोपाळू जांभई देत म्हणाली, "मला वाटायचं पाणी असंच येतं."

सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. पाणी आयतं गरम मिळतंय, हे प्रत्येकीला माहीत होतं, आणि पाळी येऊ नये म्हणून सगळ्या मूग गिळून बसल्या होत्या. घंटी मावशीची होती, पण फुकटची सवारी सगळ्यांचीच चालली होती. मैनेने ताट उचललं, एक टण् वाजवला आणि मावशीच्या आवाजात खडसावलं, "एक घंटी! गाडी थांबली! कुणी उतरायचं नाही!" मावशी डोळे पुसता पुसता फसकन हसली.

पण बिल उतरवायचं तर हात उतरवायला हवा. दोरी दुसऱ्याने ओढावी, असं खजिनदार म्हणाली. मावशी पेटली. "माझी ड्युटी मीच करणार. हात माझा आहे, ऐकेल."

"नाही ऐकणार," मैना म्हणाली. "मी ऐकलाय त्याला. लावा पैज! पुढचं बिल उतरलं तर महिनाभर मी कुणाचा आवाज काढणार नाही. माझ्या स्वतःच्या आवाजात बोलेन. नाही उतरलं तर..."

"नाही उतरलं तर मी इथे कुठे असणार आहे?" मावशी म्हणाली. "म्हणजे तुझं नुकसान काहीच नाही. लबाड. लागली पैज."

पहिले दिवस हाताचे होते. मावशीने उजवा हात कमरेला बांधला आणि डाव्याने ओढली. डावाही त्याच खात्यात नोकरीला होता, त्याने दोनदाच ओढली. झोपाळूने सुचवलं म्हणून मावशीने डोळे मिटून ओढली. मग गाणं म्हणत, मग गाणं न म्हणता. दरवेळी आत टक्-टक्, आणि बाहेर खजिनदार कपाळाला हात लावून आत जायची, दोरी ओढून यायची. मैना गालात हसायची.

मग एका सकाळी मावशी आंघोळ करून बाहेर आली ती शीळ घालत. खजिनदार आत धावली, पण मीटरजवळ बसलेल्या सिस्टरबाई म्हणाल्या, "अगं, बंद आहे." दुसऱ्या दिवशीही बंद. त्यानंतर रोजच. गरम पाण्याची पाळीही लागली, आणि पहिल्याच आठवड्यात झोपाळूला सूर्योदय बघायला मिळाला. तिला तो मोबाईलवरच्यापेक्षा लहान वाटला. कसं जमलं हे मावशी सांगेना. ती काहीतरी पोटात ठेवू शकते, हाच मोठा चमत्कार.

बिल आलं. मालकीणबाई जिना चढता चढताच म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही, पण..." आणि खरंच पुढे काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी बिल मावशीच्या हातात दिलं आणि विचारलं, "चहा आहे का?" मावशीने नवऱ्याला फोन लावला. "अहो, सीट कुणालाही द्या. मी शेवटपर्यंत जाणार." पलीकडून तो म्हणाला, "मग दे की डबल बेल." आणि मावशीने चमचा घेऊन फोनमध्ये वाजवली.

मैनेला मात्र चैन नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने बाथरूमच्या दाराला कान लावला. पाणी थांबलं. खाकरणं. चपला. आणि मग टक्-टक्. पुन्हा एकदा टक्.

दार उघडलं. मैना समोरच उभी. "तीनदा! हात बदललाच नाही तुमचा! अजून डबल बेलच देतो, वर एक जास्त! ही फसवणूक आहे!"

"तीन घंट्या," मावशी टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाली. "गाडी भरलीये, मधे कुठे थांबायचं नाही. हा हात मला त्या नोकरीने दिलाय, तो कशाला बदलू? त्याच्यापुढे एक घंटी वाढवली, संपलं. आणि बाई, पैज बिलाची होती, हाताची नव्हती. आपण कुठल्या गाडीचं तिकीट काढलं ते आधी वाचावं. बोल आता, स्वतःच्या आवाजात."

मैनेने तोंड उघडलं. पहिल्यांदा मालकीणबाई बाहेर आल्या, मग प्राचार्य, मग कुकरची शिट्टी. स्वतःचा आवाज कुठे ठेवला होता ते तिला आठवेना. सापडला तेव्हा तो बारीक आणि जरा चिरका निघाला, आणि सगळं घर पोट धरून हसलं. महिनाभर नकला बंद म्हटल्यावर एवढे आवाज ठेवायचे कुठे, म्हणून तिने मावशीला विचारलं, लिहिलं तर चालेल का?

"चालेल," मावशी म्हणाली. "पण पुढे सरकत राहा. दारात गर्दी करू नकोस."