आमच्या घरात कुणी आजारी पडत नाही

आजारी माणसाला भेटायला जाताना आमच्याकडे आधी विचारत नाहीत. विचारलं की तो ‘कशाला त्रास घेता’ म्हणणार, म्हणून सरळ जाऊन उभं राहायचं. शहाळी न्यायची, बिस्किटपुडा न्यायचा, उशाशी बसायचं आणि ‘लई खराब झालास’ असं तोंडावर सांगून त्या बिचाऱ्याला आणखी घाबरवून यायचं. माझ्या धाकट्या दिराचं खोटं उघडं पडलं ते या रीतीपायी. संशय कुणीच घेतला नव्हता.

तो लोणी देवकरला एका कंपनीत कंत्राटावर होता. काम सुटलं. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून अंगात ताकद नाही म्हणत पडून राहिला. मग म्हणे रक्तात दोष निघाला. कॅन्सर हा शब्द पहिल्यांदा त्यानं नाही, वस्तीनंच उच्चारला. त्यानं फक्त मान हलवली. पळसदेवजवळची आमची बौद्ध वस्ती लहान. एकाच्या चुलीवर काय शिजतंय ते दुसऱ्याला कळतं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आबांनी त्याच्यासाठी वर्गणीचा डबा फिरवला. आबा म्हणजे वस्तीतले थोरले, विहाराचं सगळं बघणारे. तेव्हा दिरानं काही मागितलं नव्हतं. पुढे मात्र मागितलं. डोकं भादरून, मोबाइलवर फोटो टाकून मागितलं. तो फोटो बघून मी भांडी घासता घासता रडले होते. मी तोंडाची फटकळ, सहसा रडणारी नव्हे.

पुण्याला ॲडमिट झालोय, असं त्यानं कळवलं, तेव्हा आम्ही पिकअप भरून निघालो. त्याला सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या खिडकीवरच्या मुलीनं नाव शोधलं, परत शोधलं आणि असा पेशंट नाही म्हणाली. आम्हाला वाटलं, हिलाच नीट दिसत नसेल. मी त्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

“वैनी, सलाईन लावलंय,” तो बारीक आवाजात म्हणाला. “जास्त बोलता येत न्हाय.”

“कितव्या मजल्यावर हायस? आमी खाली उभं हाय.”

फोन बंद झाला. परत लागलाच नाही. हातात शहाळ्यांच्या पिशव्या घेतलेली आमची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. सासूबाई तेवढ्या त्या मुलीला सांगत होत्या, “बाई, अजून एकदा बघ की. उंच हाय, सावळा हाय.”

परतीच्या वाटेवर भिगवणपर्यंत मला माणसांची भीती वाटत होती. मागं बसलेले पोरगे त्याचे हातपाय मोडायच्या गोष्टी करत होते, आणि सगळ्यात जास्त तापले होते ते आबा. मग रस्त्याच्या कडेला उजनी धरणाचं पाणी दिसलं. माणसांची भीती कुठल्या कुठं गेली. फोन बंद करून तो कुठं गेला असेल? त्याला पोहायला येत नाही. धरणाच्या काठाला जन्मलेला माणूस, पण लहानपणी एकदा बुडता बुडता वाचला तेव्हापासून पाण्याला भितो. मी पदर तोंडात धरून बसले. सासूबाईंच्या ध्यानात येऊ नये एवढंच बघत होते. त्यांच्या ध्यानात आलंच होतं. त्यांनी पाण्याकडे पाठ केली होती.

पळसदेवला उतरून काठानं शोधत गेलो. धरणाचं पाणी उतरल्यावर त्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं, त्याच्या वाटेवरच्या गाळात तो सापडला. गुडघाभर चिखलात नुसता उभा. दिवस कलला होता. आबा वय विसरून चिखलात शिरले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. आता थोबाडीत देतील असं मला वाटलं, आणि दिली असती तर मी अडवलंही नसतं.

“मेलास तर तू सुटलास,” आबा म्हणाले. “आमी सुटत न्हाय. चल घरला.”

पोरगे पोलिसात जाऊ म्हणत होते. आबा म्हणाले, जायचं असेल त्यानं जावं, मी अडवणार नाही. पण आधी यानं रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून पंचशील म्हणावं. आमच्या मुलांना चालता यायच्या आधी पंचशील येतं. पाच ओळी. एक जण म्हणतो, मागून सगळे म्हणतात. त्या रविवारी विहार गच्च भरलं होतं. तो हात जोडून उभा राहिला. पहिलं शील म्हणाला, दुसरं म्हणाला, तिसरं म्हणाला. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं त्याचा आवाज बसला. एरवी कुणी अडखळलं की दहा जण सांगायला पुढं असतात. त्या दिवशी कुणी ओठ हलवला नाही. मला वाटलं, हा आत्ता पळेल, आणि पळाला तर पाण्याकडेच. मी दारात जाऊन बसले, वाट अडवून.

“मला काय बी झालेलं न्हाय,” शेवटी तो म्हणाला. “मी तुमाला फसवलं.” मग त्यानं चौथं शील म्हटलं. मागून म्हणणारे थोडेच होते.

पोलिसात कुणी गेलं नाही. ज्याचं त्याला परत करायचं ठरलं, आणि तो मासळीच्या गाड्यांवर राबून करत राहिला. पण आमच्या घरावर एक अवकळा आली ती आलीच. मला ताप भरला तर गोळी पदराखाली लपवून घ्यायची. खोकला आला तर खिडकी लावायची. सासूबाईंनी विहारात जाणं सोडलं. आणि तो घरी यायला जरा उशीर झाला की मी भाकरी तव्यावर टाकून दारात.

अशात एकदा सासूबाईंची पाठ चोळताना माझा हात त्यांच्या काखेखाली थांबला. लिंबाएवढी गाठ होती.

“आत्या, हे कधीपासनं?”

“हाय झालं. तू कुणाला बोलू नगं.” त्यांनी माझा हात बाजूला केला. “आपल्या घरात आता कुणी आजारी पडत न्हाय.”

मला राग आला तो दिराचा. त्याला बाहेर बोलावून तोंडाला येईल ते बोलले. “तुझ्यापायी तुझी आई मरायला टेकली,” असंही बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि सरळ आबांच्या दारात गेला. मी मागोमाग, कारण त्याला एकटं सोडायची माझी छाती नव्हती.

“आबा, पैसं नगं,” तो म्हणाला. “आईला बारामतीला न्यायचीय. तुमी संगं चला. तुमच्या डोळ्यानं बघा.”

आबांनी त्याला खालवर न्याहाळलं. “बघाया येतो,” म्हणाले. “भेटाया न्हाय.”

सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टच्या दिवशी आम्ही चौघं परत बारामतीला गेलो. बाकड्यावर एका टोकाला आबा, एका टोकाला दीर, मध्ये आम्ही दोघी. सासूबाईंची बोटं माझ्या हातात रुतली होती. आत बोलावलं. डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या. चरबीची साधी गाठ आहे, घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाल्या.

मला जीव परत आल्यासारखं झालं. आणि पुढच्याच क्षणाला वस्ती आठवली. काही नाही? म्हणजे या घरानं परत एकदा आजार सांगितला आणि परत काही निघालं नाही? आता वस्तीत कुठल्या तोंडानं जायचं? गाठ कॅन्सरची असती तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी, जिनं त्या बाईला आई म्हणून सांभाळलं. इतकी भीती मला त्या पाण्याचीही वाटली नव्हती.

दीर पांढराफटक पडला होता. त्यालाही तेच दिसत असावं. तो आबांकडे बघत होता.

“बाई, परत सांगा,” आबा डॉक्टरांना म्हणाले. “मला ऐकाया कमी येतं.”

त्यांना चांगलं ऐकू येतं. डॉक्टरांनी परत सांगितलं. आबांनी डोळे पुसले आणि दिराच्या मानेवर हात ठेवला.

“वस्तीत तू काय बोलू नगंस,” ते म्हणाले. “मी सांगतो. मी हितं हुतो.”

सासूबाईंनी पदर सारखा केला. “मग रविवारी मी यीन विहारात,” त्या म्हणाल्या.